शाळेच्या परसबागेतील टोमॅटोचे खत
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मजकडे सोपविलेला विषय लहान आहे. परंतु ज्या शाळांतील मुलांच्या आमटीत त्यांनी स्वतः लाविलेल्या झाडाचा टोमॅटो पडतो, त्या शाळांस तो लहान वाटणार नाही.

प्रथम माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या सुमारास आम्ही शाळेत १२ रोपे लाविली. ती जोमाने वाढावीत या हौसेने मी दर आठवड्यास प्रत्येक रोपास चिमूटभर युरिया देत गेलो. झाडे मुलांच्या छातीएवढी झाली. जो येई तो बाग वाखाणी. फुले मात्र तुरळक, आणि फळे त्याहूनही तुरळक. रोज तांब्याने पाणी घालणाऱ्या चौथीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, झाड एवढं मोठं झालं, मग टोमॅटो कुठं आहेत?” मजजवळ उत्तर नव्हते. पुढील वर्षी ती पाचवीसाठी दुसऱ्या गावी गेली.

उत्तर युरियाच्या पोत्यावरच छापलेले होते. त्यात शेकडा ४६ भाग नत्र असते. स्फुरद व पालाश मुळीच नसतात. नत्राने पाने व फांद्या वाढतात. मुळे धरण्यास स्फुरद आणि फळ पोसण्यास पालाश लागते. नुसते नत्र मिळाले, की झाड पानांतच रमते.

यास्तव लावणीच्या वेळी खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळावी. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले हवे; ओल्या शेणाच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात आणि हुमणीही येते. कुजलेले खत हातात भुसभुशीत लागते व त्यास मातीचा वास येतो. हा वास मुलांना ओळखावयास लावावा. परिसर अभ्यासाचा तो एक चांगला पाठ होईल. दुसरी मात्रा फळे बोराएवढी झाल्यावर, खोडापासून वीतभर दूर गोल आळ्यात द्यावी व लगेच पाणी घालावे. चुलीच्या राखेत पालाश असते खरे. पण काळ्या जमिनीत मुळातच चुना मुबलक असल्याने तेथे ती न घातलेलीच बरी.

पुढच्या वर्षी खत असे दिले आणि फळे लागली. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो, तो कित्येकांचे बूड काळे पडलेले! मी रोग समजून फवाऱ्याच्या शोधात निघालो होतो. वास्तविक तो रोग नव्हे. फळाच्या टोकास कॅल्शियम न पोहोचल्याने असे होते, आणि जमिनीत ते असूनही पाण्यावाचून झाडास उचलता येत नाही. सुट्टीत बाग कोरडी, सुट्टीनंतर बादल्यांचा मारा. मग फळ काय करील? अंड्यांची टरफले घातल्याने त्या हंगामात उपयोग होत नाही. ती फार सावकाश विरघळतात.

तेव्हा सुट्टीपूर्वी बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या, आणि पाण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहून ठेवा. शाळेलगत घरे असलेल्या मुलांची नावे आधी घाला, आणि एका पाळीस आपलेही.