मनोऱ्यावरून समुद्र

जहाजाच्या प्रवासात सज्जा असलेली स्वतंत्र खोली मिळाली, की आम्हां मंडळींस धन्यता वाटते. घटकाभर समुद्र आपल्या एकट्याचा! तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मनोरा पाहताना या सुखाची आठवण झाली. सरफोजी महाराजांनी १८१४-१५ मध्ये हा आठमजली मनोरा बांधविला, तो नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ. त्याच इंग्रजांनी १७९९ च्या तहाने महाराजांचा राज्यकारभार काढून घेऊन किल्ला व भोवतालचा भाग तेवढा त्यांच्याकडे ठेवला होता. हे आम्हांस बोचते. तथापि ज्ञानलालसेने सरस्वती महाल समृद्ध करणारा हा राजा केवळ खुशामतीसाठी सागरतीरी आला असेल, असे मानण्यास मन धजत नाही. समोर पाल्कची सामुद्रधुनी होती; वारा भरपूर होता. आम्ही दिवेलागणीपर्यंत तेथून हललो नाही.