धाप, लॅक्टेट आणि भरतीचे १६०० मीटर

नांदेड-लातूरच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारी पोरं मला विचारतात, ‘ऑक्सिजनचा डबा घेऊ का?’

माझं उत्तर: नको. हवेत ऑक्सिजन सगळीकडे साधारण २१ टक्केच. पण उंचीवर हवेचा दाब घटतो, श्वासागणिक तो कमी मिळतो आणि त्याच वेगाला लॅक्टेट जास्त साचतं. पळताना जादा ऑक्सिजन मिळाला, तर कमी साचतं. पण डबा हुंगून पळालात, तर फायदा एक-दोन मिनिटांतच संपतो. तुमची शर्यत पाचेक मिनिटांची!

आपल्या बीडचा अविनाश साबळे कोलोरॅडो स्प्रिंग्सला, सुमारे १८०० मीटर उंचीवर, सरावाला गेला. तिथं शरीर हळूहळू जुळवून घेतं. तुम्ही इथंच नेमानं पळा. लॅक्टेट तासाभरात ओसरतं. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी त्याची नव्हे.