यंत्र बंद, हप्ता चालू

(महासंघाच्या पुण्यातील मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका मावशींनी विचारलं, "चाकणला एवढ्या कंपन्या आल्या, मग आमच्या पोरांना काम का नाही गं?" प्रश्न बरोबर आहे. चाकणचा फोक्सवॅगनचा मोटार कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे 3800 कोटी रुपये घालणार आणि साधारण 2500 जणांना काम देणार, असं जाहीर झालं होतं. भागून बघा. एका माणसाच्या कामामागे दीड कोटी! हा पैसा पगारात जात नाही. इमारत, प्रेस, रोबो, रंगकाम यांत जातो. याला भांडवलप्रधान उद्योग म्हणतात.

आता दुसरं टोक बघा. 15 मार्च 1959, मुंबईतलं गिरगाव. सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आपला लिज्जत. आज तिथे हजारो बहिणींच्या हाताला काम आहे. हा श्रमप्रधान उद्योग.

मग यंत्र वाईट का? नाही. पण ते बंद असलं तरी पैसे खातं. म्हणून तर कारखाने रात्रपाळीलाही चालतात.

हे मी चुकून शिकले. एका गटाला मसाल्याचं मोठं यंत्र घ्या, असं मीच सांगितलं. कर्ज झालं, यंत्र आलं, पूजा झाली. मग कळलं, त्याला थ्री-फेज लाइट लागते आणि त्या जागेत ती नव्हतीच. चार महिने यंत्र झाकून होतं, हप्ता मात्र चालू. बायकांनी मजुरीतून भरला. मला कुणी बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता मी आधी हिशोब मांडते. समजा, महिन्याचा हप्ता 9000 आहे. मिरची, लाइट, मजुरी जाऊन किलोमागे 6 रुपये उरतात. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला 1500 किलो मसाला विकायला हवा. 25 दिवस धरले तर रोजचे 60 किलो. एवढं गिऱ्हाईक आहे का? पावसाळ्यातही?

नसेल तर आधी गावातल्या गिरणीतून दळून आणा, गिऱ्हाईक जोडा. यंत्र नंतरही घेता येतं.

पुढच्या बैठकीत कर्जाचा ठराव आला, तर सही करण्याआधी हा हिशोब वहीत मांडा. आणि मी घाई केली, तर मलाही थांबवा.