पाहिले ते सांगावे

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त सियालदह, कोलकाता येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेने आपल्याला काय दिले, हे अशा प्रसंगी सांगण्याची प्रथा आहे. मी ते एका निखळलेल्या चाकाच्या निमित्ताने सांगणार आहे.

६ मे २०२१ रोजी नागपूरच्या विमानतळावरून एका रुग्णाला घेऊन एक छोटे विमान निघाले. बीचक्राफ्ट सी-९० जातीचे, दोन इंजिनांचे, पाच हजार किलोंहूनही हलके. उड्डाण करतानाच त्याचे एक चाक निखळून पडले. बंदोबस्तावर असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने ते पाहिले आणि तत्काळ कळवले.

या कळवण्याचे मोल समजून घ्यायला हवे. वैमानिकासमोरचे हिरवे दिवे चाकाचा दांडा खाली येऊन पक्का बसला की नाही, एवढेच सांगतात. दांड्याच्या टोकाला चाक उरले आहे की नाही, हे त्या दिव्यांना ठाऊक नसते. सारे दिवे हिरवे असतानाही विमान एका चाकाविना धावपट्टीवर टेकू शकते.

चाके खाली येत नसतील, तर वैमानिक पुरेशा उंचीवर घिरट्या घालतो, सूचनायादी क्रमाने वाचतो, दिव्याचा बल्ब तपासतो, हाताने चाके उतरवण्याची सोय वापरून पाहतो. आकाशात चाकांवाचून अडत नाही आणि टाकीत इंधन आहे तोवर विचाराला वेळ आहे. परंतु गळून पडलेले चाक कोणत्याही युक्तीने परत येत नाही. उघडा दांडा जमिनीत रुतला, तर विमान गरकन फिरण्याचा धोका असतो. अशा वेळी उरलेली चाकेही पोटात ठेवून, पंख समतल राखून, शक्य तितक्या कमी वेगाने पोटावर उतरणे अधिक सुरक्षित ठरू शकते.

कॅप्टन केसरी सिंग यांनी तेच केले. विमान मुंबईकडे वळवण्यात आले. तेथे धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, अग्निशमन दल सज्ज राहिले. रात्री नऊच्या सुमारास विमान पोटावर घसरत थांबले. रुग्णासह सर्व जण सुखरूप बाहेर आले. वैमानिकाचे कौतुक देशभर झाले, आणि ते सर्वथा योग्यच होते. मात्र त्यांना सावध करणारी नजर जमिनीवर उभी होती, हे विसरता कामा नये.

ज्या सियालदहमध्ये आपण जमलो आहोत, तेथून रोज असंख्य गाड्या सुटतात. वाटेतल्या स्थानकांवर रेल्वेचा कर्मचारी धावत्या गाडीकडे पाहत हिरवा बावटा धरून उभा असतो. प्रवाशांना तो निव्वळ उपचार वाटतो. वास्तविक एखादा आस तापला आहे का, एखादा भाग लोंबतो आहे का, हे तो न्याहाळत असतो. काही विपरीत दिसले तर लाल बावटा दाखवणे हे त्याचे कर्तव्य असते. धावत्या गाडीच्या चालकाला स्वतःच्या गाडीची चाके दिसत नाहीत.

माणसाचेही असेच आहे. अधिकारपदावर बसलेल्याला आपले निखळलेले चाक क्वचितच दिसते. ते दिसते शिपायाला, कारकुनाला, शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला. 'कोणीतरी सांगेलच' असे म्हणून तो गप्प राहिला, तर हिरवे दिवे पाहत आपण निर्धास्तपणे संकटाकडे जातो.

आपल्या शाळेने आपल्याला हात वर करून 'सर, फळ्यावरच्या गणितात चूक आहे' असे म्हणू दिले. पालकहो, आपल्या मुलांनाही घरात एवढी मोकळीक द्या. मोठ्यांना टोकणारे मूल उद्धटच असते, असे नाही. कदाचित त्याला पडलेले चाक दिसले असेल. आणि ज्यांना सांगितले जाते, त्यांनी ऐकावे. साठ वर्षांच्या आपल्या शाळेकडून पुढच्या पिढीला हाच वारसा मिळो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.