मराठीत आलेलं मत कुणाचं?

एआयला मराठीत प्रश्न विचारला की उत्तर मराठीत येतं, आणि त्यातला विचारही आपल्याकडचाच असणार असं आपण धरून चालतो. माझा आक्षेप या धरून चालण्याला आहे. जीपीटी-३ हे मॉडेल २०२० साली आलं, तेव्हा त्याला शिकायला दिलेल्या मजकुरातले सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. जगातल्या बाकी साऱ्या भाषा उरलेल्या सात टक्क्यांत. गव्हाच्या पाठोपाठ गिरणीत ज्वारी टाकली तर आधी कसलं पीठ पडतं, हे घरोघरी ठाऊक आहे. उगाच का उपासाचं दळण वेगळं दळून घेतात? मॉडेलचंही तसंच. शिवाय पीठ जाड की बारीक हे गिरणीवाल्याच्या हातात. कोणतं उत्तर चांगलं मानायचं हे मॉडेलला शिकवणारी माणसं कंपनीच नेमते आणि त्यांची पसंतीही पिठात उतरते.

हा नुसता तर्क नाही. २०२३ साली अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी देशोदेशींच्या जनमत चाचण्यांतले प्रश्न आपल्या मॉडेलला विचारले. उत्तरं अमेरिका आणि युरोप, दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांच्या मतांशी जास्त जुळली. तेच प्रश्न रशियन, चिनी, तुर्की भाषांत विचारले, तरी उत्तरं त्या भाषकांच्या मतांजवळ गेलीच असं झालं नाही. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की एकच मॉडेल त्याच राजकीय व्यक्तीचं मूल्यमापन इंग्रजीत एक करतं आणि चिनीत वेगळं. म्हणजे भाषेनं उत्तर हलतं; पण ते त्या भाषकांचं मत होतंच असं नाही. पुन्हा सांगते, मराठी उत्तर म्हणजे मराठी माणसाचं मत नव्हे.

मग मॉडेल तटस्थ करा, असं कुणी म्हणेल. पण मध्य कुठला, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. चीनने २०२३ च्या नियमांत समाजवादी मूल्यं पाळण्याची अट उघड घातली. इतरत्र ही निवड बहुतेक कंपन्याच करतात. आरक्षणावरचा मधला मार्ग अमेरिकेतल्या वादावरून आखला, तर तो इथे मधला कसा राहील? देशी मॉडेल अवश्य व्हावीत, मराठी मजकूरही वाढावा. मात्र देशी गिरणीलाही मालक असतोच.

म्हणून शिक्षकांना विनंती करते: मुलांना एआयची मदत घेऊ द्याल, तेव्हा एकाच प्रश्नाची दोन मॉडेलांनी दिलेली मराठी आणि इंग्रजी उत्तरं वहीत शेजारी-शेजारी लिहायला सांगा, आणि फरक कुठे पडला ते वर्गात मोठ्याने वाचून घ्या.