गावकुसाबाहेरचा खर्च

(वारूळवाडी इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



पुणे-नाशिक रस्ता या गावाच्या अंगावरून जातो. पोट भरायला चाकण, भोसरी गाठणारी पोरं याच रस्त्यानं जातात. म्हणून आज रस्त्याचं अर्थशास्त्र बोलायचंय. तुम्ही म्हणाल, हे इंजिनिअर लोकांचं काम. नाही. जिथं माणसाची किंमत ठरते, तिथं आपलं काम आहे.

शहराची उद्याची रहदारी मोजताना चार प्रश्न विचारतात. किती लोक निघतील, कुठं जातील, कशानं जातील, कुठल्या रस्त्यानं जातील? ही पद्धत १९५० नंतर डेट्रॉइट आणि शिकागोत घडली. त्याच डेट्रॉइटमध्ये त्याच सुमारास ब्लॅक बॉटम ही काळ्यांची वस्ती जमीनदोस्त झाली, आणि तिच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर क्रायस्लर फ्रीवे घातला. गणित अचूक असेल. वस्ती मात्र गेली!

या गणितात खरी मेख आहे वेळेच्या किमतीत. नव्या रस्त्याचा फायदा म्हणजे वाचलेला वेळ, आणि वेळेचा भाव ठरतो मिळकतीवर. कारमधल्या साहेबाचा तास महाग, एसटीत लोंबकळणाऱ्या मजुराचा तास स्वस्त. मग फायदा कुठं जास्त दिसणार? जिथं साहेब जातो तिथं. जन्मानं किंमत ठरवणारी मनुस्मृती आपण १९२७ साली महाडला जाळली. पगारानं किंमत ठरवणारं हे कोष्टक अजून शाबूत आहे.

मुंबईचा अटल सेतू बघा. जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. खर्च १७ हजार कोटींच्या वर. अंदाज होता दिवसाला ५० हजारांहून जास्त गाड्यांचा, पहिल्या वर्षी धावल्या २२-२३ हजार. मोटारसायकल आणि रिक्षाला तर तिथं बंदीच! अंदाज चुकला तर त्याची भरपाई अंदाज करणारा देत नाही. ती तुमच्याआमच्या खिशातून जाते.

आता दुसरी बाजू. गाडीवाला डिझेलचे पैसे देतो, टोल देतो. पण धूर, कर्कश आवाज, मोडलेले पाय, गेलेली जमीन यांचे पैसे कोण देतो? अर्थशास्त्री याला 'बाह्य खर्च' म्हणतात. बाह्य! शब्द ओळखीचा वाटतो ना? गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, तसंच या वहीनं हा खर्च बाहेर ठेवलाय. बाहेरचा खर्च बाहेरच्यांच्याच माथी! पिगू नावाच्या इंग्रज पंडितानं १९२० सालीच उपाय सांगितला होता : नुकसान करणाऱ्याकडून कर घ्या. आपल्याकडं उलटं चालतं. नुकसान सोसणाराच पैसे भरतो, कधी दवाखान्यात, कधी मसणवट्यात.

आकडे ऐका. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी. सरकारी तक्त्यात त्यांची जात नसते. पण पायी कोण चालतं, हे सांगायला तक्ता कशाला पाहिजे? १७ जानेवारी २०२५ ला इथंच, नारायणगावजवळ, टेम्पोच्या धडकेनं प्रवासी गाडी उभ्या एसटीवर आदळली आणि ९ जीव गेले. अशा मरणाची भरपाई कोर्टात कशी ठरते? मेलेल्याची कमाई गुणिले वयाचा आकडा. म्हणजे जगताना स्वस्त, मेल्यावरही स्वस्त.

दोस्तहो, रस्ता नको असं मी म्हणत नाही. पायवाटेचं गुणगान आपल्याला परवडणारं नाही. याच रस्त्यानं आपण गावगाड्यातून सुटलो. बाबासाहेब शहराकडं चला म्हणाले, ते उगीच नाही. पण शहराच्या वहीत आपलं नाव फक्त खर्चाच्या बाजूला, तेही शाई न लावता, हे चालणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गाड्या मोजू नका, माणसं मोजा. प्रत्येकाच्या तासाला एकच भाव लावा. आधी फुटपाथ आणि बस, मग उड्डाणपूल. आणि आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा घरी बसू नका. वही मागा, आकडा मागा, आकड्यामागचा माणूस विचारा. त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची सवय आहे. आपण मराठीत विचारू, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

जय भीम!