थंडीतलं मांदू-गुक

सोलमध्ये मी दोन हिवाळे काढले. जानेवारीत तिथे पारा उणे १० पर्यंत उतरतो. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आजींनी मला मांदू-गुक शिकवलं. मांदू म्हणजे सारण भरलेल्या मैद्याच्या पुड्या, आणि गुक म्हणजे सूप.

सारणात डुकराच्या मांसाचा खिमा, तोफू, मोडाचे मूग, किमची आणि कांद्याची पात. आजी तोफू आणि किमची फडक्यात घालून करकचून पिळत. पाणी राहिलं, की मांदू उकळताना फुटलाच! पातळ पारीच्या कडेला पाण्याचं बोट फिरवायचं, अर्धचंद्र दुमडायचा, दोन्ही टोकं जुळवायची. माझी बोटं सवयीनं मोदकाच्या कळ्या पाडू लागली, तेव्हा आजी खूप हसल्या.

सुके मासे आणि समुद्रशेवाळाची पट्टी उकळून गाळलेल्या पाण्यात मांदू सोडायचे. ते वर तरंगले, तरी आतला खिमा शिजेपर्यंत थांबायचं. वर अंड्याच्या पोळीच्या बारीक पट्ट्या.

दक्षिण कोरियात नववर्षाला बहुतेक घरी तांदळाच्या चकत्यांचं त्तोक-गुक होतं, मांदू-गुक उत्तरेकडचं. आजी केसोंगच्या. १९५० च्या युद्धात लहानपणीच सोलला आल्या. १९५३ च्या युद्धविरामानंतर गाव सीमेपलीकडे राहिलं, सोलहून जेमतेम ६० किलोमीटरवर. पुन्हा जाणं झालंच नाही.

"आईचे मांदू याहून मोठे असायचे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या वाडग्यात आणखी दोन घातले.